माझ्या मापाची खुर्ची

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी ‘गुमान’ हा शब्द टाइप केला, पुढे ‘मुकाट्याने, निमूटपणे’ असा अर्थ लिहिला आणि वहीचं पान उलटायला वाकले. तेवढ्यात कमरेत अशी कळ निघाली की हात होता तिथंच राहिला. पुढेही जाता येईना, मागेही होता येईना. टेबलापलीकडे गुरुजी बसले होते. ते सकाळच्या एसटीने ताडकळसहून आले होते, पाचवी वही घेऊन. त्यांना आधी वाटलं, मला एखादा शब्द लागत नाही. त्यांनी चष्मा सारखा करून वहीत पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“उठता यायलं न्हाई का तुमाला?”

मी नाही म्हणाले. त्याहून जास्त बोलायला श्वास पुरेना.

गुरुजी ऐंशी ओलांडलेले. परक्या घरच्या बाईला हात धरून उठवायचं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून माझ्या सासऱ्यांना हाक मारली. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा आले. दोन म्हातारी माणसं माझ्या दोन बाजूंना उभी राहिली आणि कुठं धरावं ते दोघांनाही कळेना. शेवटी मीच टेबलाची कड धरली आणि थोडी थोडी करत वर आले. त्याला दहा मिनिटं लागली. अर्धी वाकलेली तशीच आत गेले आणि सतरंजीवर पडले. बाहेरून गुरुजींचं बोलणं ऐकू येत होतं. ते मामांना सांगत होते की कामाची काही घाई नाही, शब्द आजवर राहिले तसे आणखी काही महिने राहतील.

जाताना त्यांनी पाचवी वही परत नेली. मला ते संध्याकाळी कळलं. टेबलावर तिची जागा रिकामी होती. त्यांनी मला ओझं नको म्हणून नेली असणार, पण मला ते कमरेपेक्षा जास्त लागलं.

परभणीत मी बावीस वर्षं टायपिंग करते. लग्न होऊन जिंतूरहून आले तेव्हा आधी एका टायपिंगच्या क्लासात काम करत होते, नंतर घराच्या पुढच्या खोलीतच कॉम्प्युटर मांडला. अर्ज, बायोडाटा, लग्नपत्रिका, कॉलेजच्या मुलांचे प्रबंध, कुणाचे कवितासंग्रह. या बावीस वर्षांत मी कॉम्प्युटर तीनदा बदलला. कीबोर्ड घ्यायचा तर नांदेडला जाऊन चार-पाच कीबोर्डांवर बोटं चालवून बघायची आणि मगच घ्यायची. खुर्ची मात्र एकदाही निवडली नाही. क्लासात बिनपाठीचं स्टूल होतं. घरी आधी बुडाला पोचा पडलेली लोखंडी घडीची खुर्ची होती, मग जेवणाच्या टेबलाची एक, आणि गेली नऊ वर्षं पांढरी प्लास्टिकची. तिच्यावर चौघडी सतरंजी, पाठीला गुंडाळलेला टॉवेल. घरात जी खुर्ची कुणाच्या वाट्याची नसे ती माझी होई. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

गुरुजींचं काम हातात आलं त्याला तेव्हा चार महिने झाले होते. त्यांनी जन्मभर पूर्णा तालुक्यातल्या खेड्यांमधून प्राथमिक शाळेत शिकवलं. ज्या गावी बदली होई तिथल्या लोकांच्या तोंडचे शब्द ते वहीत उतरवून ठेवत. शब्द, त्याचा अर्थ, एक वाक्य, गावाचं नाव आणि कुणाकडून ऐकला ते. ‘शेळ्या राखणारी बाई’, ‘शाळेचा शिपाई’, ‘माझी आई’. निवृत्तीनंतर त्यांनी ते सगळं क्रमाने लावून पुन्हा लिहून काढलं होतं. अशा अकरा वह्या. त्यांना त्यांचा कोश छापलेला बघायचा होता. माझ्याआधी दोघा टायपिंगवाल्यांनी वह्या परत केल्या होत्या, अक्षर बारीक आणि एकही शब्द ओळखीचा नाही म्हणून.

मला ते शब्द ओळखीचे होते. पहिल्याच वहीत ‘आवंदा’ आला, म्हणजे यंदा. माझी आई म्हणायची, आवंदा तुरी बऱ्या झाल्या. शहरात आल्यावर मी असे शब्द बोलायचे सोडून दिले होते, आपण होऊन, लाजेने. तो छापायच्या अक्षरात समोर उमटलेला पाहून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. त्याच दिवशी गुरुजींना फोन करून सांगितलं, अकराच्या अकरा वह्या मी करीन. आता पाचवीलाच हात टेकले, असं व्हायला नको होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. ऑपरेशनची गरज नाही, मणक्यातली गादी जराशी सरकली आहे, असं म्हणून त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली डॉक्टर अगदी तरुण होती, दोन खोल्यांत तिने नुकताच दवाखाना थाटला होता. तिने फोटो एकदा उजेडाकडे धरला आणि ठेवून दिला. मग मला स्टुलावर बसवून म्हणाली, टाइप करता तसे हात धरा. मी हवेत हात धरले. तिने मागून माझ्या कमरेच्या खोलगट जागी आपली मूठ दाबून धरली आणि विचारलं की खुर्चीत इथं काय असतं. मी म्हटलं, टॉवेल. किती तास बसता, तिने विचारलं. मी सहा म्हणाले. तिने मूठ तशीच दाबून धरली. मग मी खरं सांगितलं, नऊ, कधी दहा.

“काम सोडता येईल का, ताई?”

“नाही.”

“मग खुर्ची सोडा.”

तिने मला बसून दाखवलं. दोन्ही पावलं पूर्ण जमिनीला टेकली पाहिजेत. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. पाठ जिथं आत वळते तिथंच खुर्चीचा आधार लागला पाहिजे. आणि खांदे न उचलता कोपरं टेबलाच्या उंचीला आली पाहिजेत. किंमत बघू नका आणि मऊ किती आहे तेही बघू नका, असं तिने बजावलं. शिवाय खुर्ची कितीही चांगली मिळाली तरी दर चाळीस मिनिटांनी उठायचंच. रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी हे पाढ्यासारखं घोकत होते.

घरी प्रत्येकाकडे आपला उपाय तयार होता. माझे यजमान शाळेत लिपिक आहेत. त्यांनी कुठल्याशा प्रदर्शनातून मधे भोक असलेली गोल उशी आणली. तिने मी आणखी उंच झाले आणि पाय आणखी लोंबकळायला लागले. मामांचं म्हणणं असं की दुखणं खुर्चीमुळेच आहे. ते तहसीलला नोकरीला लागले तेव्हा जुनी माणसं खाली गादीवर बसून, पुढ्यात उतरतं डेस्क घेऊन दिवसभर लिहायची, त्यांच्या पाठी ताठ होत्या. ही गोष्ट त्यांनी फोनवर गुरुजींना सांगितली असावी, कारण चौथ्या दिवशी गुरुजींचा पुतण्या त्यांचं स्वतःचं डेस्क मोटारसायकलवर बांधून घेऊन आला. अकरा वह्या त्याच डेस्कवर लिहिलेल्या होत्या. मला नाही म्हणवेना.

दहा दिवस मी खाली बसून काम केलं. डेस्कवर कीबोर्ड, विटांवर मॉनिटर. पहिले तीन दिवस कमरेला खरंच बरं वाटलं. चौथ्या दिवसापासून उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या, उठताना भिंत धरावी लागायची. दहाव्या दिवशी दारात गिऱ्हाईक आलं म्हणून मी पटकन उठले, पाय बधिर होता, आणि प्रिंटरवर आपटले. प्रिंटर वाचला. माझ्या कोपराला मात्र चांगलाच मार बसला. मी डेस्क पुसून परत पाठवलं. गुरुजींनी फोन करून एवढंच म्हटलं की त्यांना सोसतं ते मला सोसेलच असं नाही, मी मनाला लावून घेऊ नये.

त्याच संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं की मी खुर्ची विकत घेणार आहे. हे म्हणाले, शाळेच्या ऑफिसात एक जुनी फिरती खुर्ची पडून आहे, साहेबांना विचारून बघतो.

“मला कुठली तरी नको. मला माझ्या मापाची पाहिजे.”

ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, येत्या सुट्टीला जाऊ.

बाजारातल्या मोठ्या फर्निचरच्या दुकानात मालकांनी आम्हाला थेट काळ्या रेक्झिनच्या खुर्चीकडे नेलं. उंच पाठ, सोफ्यासारखे जाडजूड हात. मी बसले तशी आत रुतले. पाय जमिनीवरून उचलले गेले. जो फुगवटा कमरेला लागायचा तो पाठीच्या वरच्या भागाला टोचत होता. मालक म्हणाले, आराम बघा मॅडम. मी म्हटलं, मला आराम करायचा नाही, काम करायचं आहे. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि ह्यांना बसवलं. हे पावणेसहा फूट उंच. ह्यांनी पाठ टेकली, दोनदा मागेपुढे झुलून पाहिलं आणि ह्यांना ती आवडली.

“बघा, साहेबांना फिट बसली.”

“साहेब बसणार नाहीत,” मी म्हटलं.

त्या दिवशी मी सहा खुर्च्यांवर बसून पाहिलं. प्रत्येकीवर दोन-दोन मिनिटं. आणि त्या काळ्या खुर्चीखेरीज सगळ्याच बऱ्या वाटल्या. अडचण तिथंच होती. दोन मिनिटांत कुठलीही खुर्ची बरीच वाटते. माझी प्लास्टिकचीही दोन मिनिटांत कधी दुखली नव्हती. काहीच न घेता आम्ही परत निघालो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी एकटीच त्या दुकानात गेले. पिशवीत जुना लॅपटॉप आणि गुरुजींची चौथी वही होती. तिच्यातला शेवटचा भाग पुन्हा तपासायचा राहिला होता. मालकांना सांगितलं, मला तीन खुर्च्यांवर एक एक तास बसून काम करायचं आहे. त्यांना आधी ती थट्टा वाटली. मग ते म्हणाले, “मॅडम, हे दुकान हाय, लायब्ररी न्हाई.” मी म्हटलं, मी कोपऱ्यात बसेन, कुणाला त्रास देणार नाही, एखादी पसंत पडली तर आजच घेऊन जाईन. अर्ध्या तासात ही बाई कंटाळेल असा त्यांनी हिशेब केला असणार. त्यांनी मागे लोखंडी कपाटांच्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथं एक कॉम्प्युटर टेबल होतं. ते ओढून घेतलं आणि मी कामाला लागले.

पहिल्या खुर्चीत विसाव्या मिनिटाला खांदे भरून आले. दुसरी इतकी मऊ होती की मी रुतत रुतत खालच्या फळीला टेकले, आणि पस्तिसाव्या मिनिटाला माकडहाड दुखायला लागलं. कुठल्या खुर्चीत कुठल्या मिनिटाला काय दुखलं ते मी एका चिठ्ठीवर लिहून ठेवत होते. मधेच एक बाई येऊन मला कपाटाचा भाव विचारून गेली. नंतर एक म्हातारं जोडपं आलं, नातीच्या लग्नात द्यायला पलंग बघायला. त्यांनीही मलाच विचारलं की पलंगाबरोबर गादी येते का. तोवर मालकांनी ते दोन गिऱ्हाइकांना सांगितलेलं मी ऐकलं होतं, म्हणून मी सांगून टाकलं, गादी वेगळी घ्यावी लागते.

तिसरी खुर्ची मालकांनी दाखवलीच नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. करड्या रंगाची, पाठीला जाळी, बैठक टणक, दिसायला काहीच नाही. ती चालत नाही मॅडम, असं ते म्हणाले. मी म्हटलं, असू द्या. तिच्या पाठीवरचा आधाराचा तुकडा वरखाली सरकत होता. मी तो अगदी खाली ओढला आणि तो बरोबर त्या जागी आला जिथं डॉक्टरबाईंनी मूठ दाबली होती. चाळीस मिनिटं झाली. मी उठून कपाटांच्या रांगेतून दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बसले. आणखी चाळीस झाली. कंबर बोलली नाही. फक्त मांडीखाली, गुडघ्याजवळ कड काचत होती. बैठक लांब होती. पाठ टेकवली की कड काचायची आणि कडेपासून पाय मोकळा केला की पाठ सुटायची.

अडीचच्या सुमाराला मालक स्वतः चहा घेऊन आले आणि झालं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, हीच घेते, पण बैठक पुढून दोन इंच कापून मिळेल का? त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला.

“कापलेली खुर्ची मी वापस घेणार न्हाई.”

“मी वापस आणणार नाही.”

मग त्यांनीच सांगितलं की जिंतूर रोडला ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारे एक मिस्त्री आहेत, करतील तर तेच करतील.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. बाहेर ट्रॅक्टरच्या, जीपच्या, मोटारसायकलच्या सीटा रांगेने मांडलेल्या. मिस्त्री वयस्कर होते, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. रिक्षातून उतरवलेली नवी कोरी खुर्ची बघून त्यांनी आधी हात जोडले. कंपनीचा माल आहे, याला मी कात्री लावत नाही, म्हणाले. मी म्हटलं, एकदा मला बसलेली बघा आणि मग नाही म्हणा.

त्यांनी मला तिथंच, सीट करायला आलेल्या दोन ट्रॅक्टरांच्या मधे बसवलं. स्वतः उकिडवे बसून एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने. मग खिशातून सुतळी काढली. माझ्याकडे देऊन म्हणाले, कमरेपासून गुडघ्याच्या मागपर्यंत तुमीच धरा. मी धरली. त्यांनी गाठ मारली आणि तीच सुतळी रिकाम्या बैठकीवर लावून पाहिली.

“भाभी, ही तुमच्यासाठी बनलीच न्हाई. साडेपाच फुटाच्या माणसाची हाय. तुमी किती, पाच?”

“पाचाला दोन इंच कमी.”

ते पहिल्यांदा हसले. सीट उलटी करून बोल्ट काढता काढता ते सांगत होते की ट्रॅक्टरवाले येतात ते अंगठ्याने दाबून बघतात आणि म्हणतात, आणखी मऊ करा. आपण करून देतो. चार दिवस नांगरट केली की तेच परत येतात, कंबर धरून. “नरम अंगठ्याला पाहिजे, कमरेला न्हाई,” असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी कापड उसवलं, खडूने रेघ मारली, आतली फळी पुढून दोन इंच कापली आणि कड कानशीने घासून उतरती केली. खाली टणक फोम, वर बोटभर जाडीचा मऊ. रेक्झिन नको, आपल्या उन्हाळ्यात घाम येतो, म्हणून जाड कापडाचं कव्हर शिवलं. मी शेडमधल्या एका जीपच्या सीटवर बसून बघत होते. दिवस मावळायच्या आत काम झालं. मी बसले. पावलं पूर्ण टेकली, गुडघे मोकळे, कमरेला बरोबर आधार लागला. माझं वय तेव्हा पंचेचाळीस होतं, आणि माझ्या अंगाच्या मापाने कुणी बसायची जागा केलेली ही पहिलीच. मला एवढंच म्हणता आलं, बसली.

मिस्त्री मात्र खूश दिसेनात. घरी टेबल केवढं आहे, त्यांनी विचारलं. मी हात धरून उंची दाखवली. त्यांनी नुसती मान हलवली. त्या टेबलावर हात ठेवायचे तर खांदे कानाला लागतील, म्हणून मी खुर्ची वर करीन, वर केली की पाय पुन्हा लोंबकळतील आणि त्यांची मेहनत पाण्यात जाईल.

“टेबल कापा,” ते म्हणाले.

टेबल मामांचं होतं. हे दहावीला होते तेव्हा मामांनी ते पूर्णेच्या एका सुताराकडून रेल्वेच्या रुळांखालच्या जुन्या स्लीपरच्या लाकडाचं करून घेतलं होतं. त्याच्यावर अभ्यास करून हे नोकरीला लागले. घरातली ती एकच वस्तू मामा स्वतः पुसत. हे म्हणाले, कीबोर्डसाठी खाली सरकती फळी लावू, पण खाली ड्रॉवर होता, फळी बसत नव्हती. हे म्हणाले, मग मी बोलतो त्यांच्याशी दोन दिवसांनी. मी थांबले नाही. मामा अंगणात दाढी करत होते, तिथं जाऊन विचारलं. त्यांनी उरलेली दाढी पूर्ण केली, तोंड पुसलं.

“किती?”

“पाच इंच.”

“मग खुणा मी करतो. तुमची रेघ वाकडी जाईल.”

त्यांनी पट्टी आणि पेन्सिल घेऊन चारही पायांवर चारही बाजूंनी रेघा मारल्या. हे करवत घेऊन बसले. ते लाकूड असं चिवट की पातं अडकायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा घालायचं. चार पाय कापायला दुपार झाली. शेवटचा अर्धा पाय मी कापला. टेबल उभं केलं तेव्हा ते लहान मुलांच्या शाळेतलं वाटत होतं. मी खुर्ची पुढे घेऊन कीबोर्डवर हात ठेवले आणि खांदे जागच्या जागी राहिले. त्याच दिवशी गुरुजींना फोन केला, पाचवी वही घेऊन या.

इथं सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण चांगली खुर्ची घरात आली की ती सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. आलेला पाहुणा आधी तिच्यावर बसे. ह्यांनी एकदा ती टीव्हीकडे फिरवली. ह्यांना मी सांगितलं आणि ह्यांनी ऐकलंही. मामांचं काय करावं कळेना. दुपारी चारला मी चहाला उठले की ते पेपर घेऊन तिच्यावर बसत. ते उंच, म्हणून दांडा ओढून खुर्ची वर करत, पाठीचा तुकडा वर सरकवत. मी परत येऊन सगळं खाली करायची. मी मापाच्या जागी पेनने खुणा केल्या होत्या, पण कुठंतरी बोटभर चुकायचंच. आठवड्याभरात कमरेतली ती जुनी कळ पुन्हा डोकावायला लागली.

एके दुपारी मी चहा घेऊन आले. मामा बसले होते, खुर्ची पार वर. बावीस वर्षांत मी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. आणि टेबलाचे पाय तर आत्ताआत्ताच त्यांनी कापू दिले होते. हे सगळं माझ्या मनात होतं. तरी मी चहा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “मामा, या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. तुम्हीसुद्धा.”

त्यांनी पेपर खाली केला. “मी बसल्यानं काय झिजायलीय का ती?”

“झिजत नाही. बदलते. मग माझी कंबर धरते.”

“टेबल मी दिलं.”

“दिलं. म्हणून तर समोर उभी राहून सांगते.”

ते उठले. पेपरची घडी घातली आणि आत गेले. चहा तसाच राहिला. पुढचे चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, तेही भिंतीकडे बघून. हे म्हणाले, माझ्याकडून निरोप द्यायचास. मी म्हटलं, कंबर माझी आहे. पण खोटं कशाला बोलू, त्या चार दिवसांत माझं टायपिंग फार चुकलं. दोनदा वाटलं, जावं आणि म्हणावं, बसा, काही होत नाही. दोन्ही वेळा मी खुर्चीचे हात धरून बसून राहिले.

पाचव्या दिवशी गुरुजी एकदाचे पाचवी वही घेऊन आले. त्यांच्या शब्दांत उर्दूतून आलेले पुष्कळ होते आणि त्यांचं मूळ त्यांनी अंदाजाने लिहिलं होतं. कुणी उर्दू जाणणारं मिळालं तर तपासून घ्यावं, असं त्यांच्या मनात होतं. मामांनी नोकरीत असताना निजामाच्या वेळचे उर्दूतले जुने कागद वर्षानुवर्षं वाचले होते, हे मी गुरुजींना सांगितलं. गुरुजी सरळ उठून आतल्या खोलीत गेले. दोघांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने मामा बाहेर आले, हातात ती पांढरी प्लास्टिकची खुर्ची. ती त्यांनी टेबलाच्या डाव्या बाजूला मांडली, बसले आणि वही ओढून घेतली. पाचव्या वहीच्या शेवटी गुरुजींनी उर्दू शब्दांची एक वेगळी यादी केली होती. तिच्यावर बोट ठेवून मामा गुरुजींना म्हणाले, “तालेवारचा तालाशी काय संबंध न्हाई. ताले म्हणजे नशीब.”

गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढली.

ते दोघं एक वाजेपर्यंत बसले. उठताना मामांनी पाठीवर हात ठेवला. मी गुंडाळलेला टॉवेल पुढे केला. त्यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते कुणी न बोलावता आले, टॉवेल पाठीशी लावून बसले आणि आम्ही यादी पुढे घेतली. खुर्चीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही. उलट माझ्या मोबाइलचा चाळीस मिनिटांचा गजर मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं की तेच पेन्सिल टेबलावर वाजवत आणि म्हणत, उठा. मग मी अंगणात दोन फेऱ्या मारून येई.

दुखणं महिन्याभरात गेलं असं झालं नाही. पावसाळाभर ते येत-जात राहिलं. सांगितलेले व्यायाम मी रोज केले, कंटाळा आला तरी केले. अजूनही गार हवेत सकाळी उठताना कंबर आपली आठवण देते. पण त्या दिवसासारखी मी पुन्हा कधी अडकले नाही. दिवाळीच्या आत अकरावी वही संपली. मग दोन वेळा मुद्रितं तपासली आणि गेल्या हिवाळ्यात कोश छापून आला.

पहिली प्रत द्यायला मी, हे आणि मामा असे तिघं ताडकळसला गेलो. गुरुजी ओसरीत त्यांच्या डेस्कपाशी बसले होते. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, वास घेतला, वजन पाहिलं. आपलं नाव असलेलं पान त्यांनी उघडलंच नाही. मधलंच एक पान काढलं, बोट ठेवत ठेवत खाली आले आणि एका ओळीवर थांबले. एक वेलांटी चुकली होती. त्यांनी पेन्सिलीने ती दुरुस्त केली आणि माझ्याकडे न बघता, जरा संकोचून म्हणाले, “बारावी वही सुरू केलीय. तीस पानं झालीत.”

“आणा,” मी म्हटलं.